‘लाय’ आणि ‘ले’ : एका जोडीची कैफियत

चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतांना तुमची लाल शाई सर्वांत अधिक कोठें खर्च होते, असें मला कोणीं विचारलें तर ‘लाय’ आणि ‘ले’ ह्या दोन इंग्रजी क्रियापदांवर, असें उत्तर मी विलंब न लावतां देईन. क्रमिक पुस्तकें बदललीं, मोठे भाऊ शाळा सोडून गेले आणि त्यांचे धाकटे भाऊ त्यांच्याच बाकांवर येऊन बसले. पण ही चूक वतन मिळाल्याप्रमाणें थोरल्याकडून धाकट्याकडे चालत आली आहे. एवढ्याशा दोन शब्दांसाठीं वार्षिकाचीं पानें अडवावीं काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु ह्या शब्दांच्या निमित्तानें मला जें सांगावयाचें आहे तें विद्यार्थ्यांइतकेंच त्यांच्या पालकांसही सांगावयाचें आहे, आणि त्यांतील कांहीं भाग माझ्या स्वतःच्या एका अपराधाच्या कबुलीचा आहे.

प्रथम शब्दांची ओळख. ‘लाय’ म्हणजे आडवें होणें, पडून असणें. ‘ले’ म्हणजे दुसऱ्या एखाद्या वस्तूला आडवें करणें, ठेवणें, घालणें. मांजर चुलीपाशीं पडून असतें तेथें ‘लाय’. आई मुलाला पाळण्यांत निजविते तेथें ‘ले’. व्याकरणाच्या भाषेंत पहिलें अकर्मक, दुसरें सकर्मक. इतकें सांगितलें कीं वर्गांतील प्रत्येक मुलगा मान डोलावतो, आणि तें मान डोलावणें खोटें नसतें. घोटाळा पुढें आहे. ‘लाय’चा भूतकाळ होतो ‘ले’, आणि तिसरें रूप ‘लेन’. ‘ले’चा भूतकाळ आणि तिसरें रूप हीं दोन्ही ‘लेड’. म्हणजे एका क्रियापदाचें कालचें रूप तेंच दुसऱ्याचें आजचें रूप! एकच अंगरखा काल थोरल्याच्या अंगावर होता आणि आज धाकट्याच्या अंगावर आहे. पाठमोऱ्या माणसाला मुलानें ओळखावें कसें? त्यांत भर म्हणून खोटें बोलणें ह्या अर्थाचें तिसरेंच एक ‘लाय’ इंग्रजींत आहे. तें मुळांत निराळ्या घरचें असून त्याचा भूतकाळ ‘लाइड’ असा सरळ होतो. ‘मी काल दिवसभर अंथरुणावर पडून होतों’ असें लिहावयाचें असतांना जो विद्यार्थी रजेच्या चिठ्ठींत ‘लाइड’ लिहितो, तो आपण दिवसभर अंथरुणांत खोटें बोलत होतों असें हेडमास्तरांस लेखी कळवितो. (त्या दोहोंपैकीं खरें कोणतें, हें ठरविण्याचें काम सुदैवानें माझें नाहीं.)

आतां अपराधाची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें चार दिवसांच्या गैरहजेरीबद्दल इंग्रजींत चिठ्ठी लिहून आणिली. आपले वडील तापानें अंथरुणावर पडून आहेत, असें त्याला म्हणावयाचें होतें. त्यानें ‘लाइंग’च्या जागीं ‘लेइंग’ लिहिलें. कोंबडीच्या अंडीं घालण्यालाही इंग्रजींत ‘ले’ हेंच क्रियापद आहे. मीं ती चिठ्ठी वर्गापुढें मोठ्यानें वाचली आणि विचारलें, “काय रे, वडिलांनीं आजवर किती अंडीं घातलीं?” वर्ग पोट धरून हंसला. मीही हंसलों. आपण मोठें मार्मिक बोललों असें त्या वेळीं मला वाटलें. मुलगा मात्र हंसला नाहीं. त्याचे वडील खरोखरच बरेच आजारी होते, हें मला मागाहून कळलें. त्या दिवसापासून सहामाही परीक्षेपर्यंत त्यानें माझ्या तासाला एकदांही हात वर केला नाहीं. आणि मीं होऊन विचारलें तर मराठींतसुद्धां एका शब्दापलीकडे उत्तर देईनासा झाला.

पुढें एके दिवशीं शाळा सुटल्यावर तो एकटाच मजकडे आला. हातांत वाचनाचें पुस्तक होतें. त्यांतील एका वाक्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “सर, ह्या धड्यांतला म्हातारा तापानें ‘लेड अप’ होता, असें छापलें आहे. मग माझे वडील ‘लेइंग’ कां नव्हते?”

मी त्या वाक्याकडे पाहतच राहिलों. ‘लेड अप’ हा प्रयोग अगदीं शुद्ध आहे. त्यांत ताप हा पाडणारा आणि माणूस पाडला गेलेला. आपणही ‘तापानें त्याला अंथरुणावर पाडलें’ असें म्हणतोंच. मुलानें तें रूप छापील पुस्तकांत पाहिलें होतें, आणि आजाऱ्याविषयीं ‘लेड’ चालतें तर ‘लेइंग’ही चालेल, असा हिशेब मनाशीं केला होता. हिशेब चुकला, पण तो हिशेब होता, बेपर्वाई नव्हती. वर्गांतील निम्म्या मुलांनीं तो धडा वाचलाही नव्हता, आणि तीं ह्याला हंसलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं मीं त्याची क्षमा मागितली. वर्गासमोर हंसलों होतों, म्हणून वर्गासमोरच मागितली. परंतु त्याच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें राहिलेंच होतें, आणि तें द्यावयास गेलों तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, मला स्वतःलाही तक्त्याखेरीज कांहीं ठाऊक नाहीं. मी लहानपणीं तो घोकला, पदवी मिळेपर्यंत निभावून नेला, आणि शिक्षक झाल्यावर पुढच्या पिढीला घोकावयास दिला.

मीं फळ्यावर ‘पडणें’ असें लिहिलें आणि त्यासमोर ‘पाडणें’. त्याखालीं ‘मरणें, मारणें’. पुढच्या जोड्या मला सांगाव्या लागल्या नाहींत. मागच्या बाकांवरून त्या ओरडून येऊं लागल्या. तरणें, तारणें. गळणें, गाळणें. तुटणें, तोडणें. सुटणें, सोडणें. बसणें, बसवणें. ह्यांतील पहिलें क्रियापद आपोआप घडणाऱ्या गोष्टीचें, दुसरें ती घडवून आणणाऱ्याचें. हा भेद मराठी मुलाला कोणीं शिकवावा लागत नाहीं. तीन वर्षांच्या पोराच्या हातांतून पेला निसटला कीं तें ‘पेला फुटला’ म्हणतें. ‘मीं फोडला’ असें म्हणत नाहीं. सकर्मक-अकर्मकाचा भेद त्याला पुरतेपणीं कळलेला असतो, आणि आपल्या सोयीचें कोणतें हेंही! ‘फुटला कीं फोडलास?’ असें आई दरडावून विचारते, तेव्हां तीही नकळत व्याकरणाचाच प्रश्न घालीत असते.

‘लाय’ आणि ‘ले’ ही इंग्रजी भाषेची अशीच पडणें-पाडण्याची जोडी आहे, आणि तिचीं भावंडें त्या भाषेंत अद्याप नांदत आहेत. ‘सिट’ म्हणजे बसणें, ‘सेट’ म्हणजे मुळांत बसवणें. ‘राइझ’ म्हणजे उठणें, ‘रेझ’ म्हणजे उठवणें. (ह्यांतील ‘रेझ’ हें उत्तरेकडील नॉर्स लोकांनीं इंग्लंडांत आणिलेलें, ‘राइझ’चें अस्सल इंग्रजी भावंड म्हणजे मुलें वाढविणें ह्या अर्थाचें ‘रिअर’.) ‘ड्रिंक’ म्हणजे पिणें, त्याची जोडीदारीण ‘ड्रेंच’. ह्या शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ चिंब भिजविणें असा आहे, परंतु मूळचा अर्थ पाजणें. आणि गुरांच्या तोंडांत ओतून पाजावयाच्या औषधाला इंग्रज शेतकरी अजूनही ‘ड्रेंच’ म्हणतो. बांबूच्या नळकांड्यानें बैलाला काढा पाजलेला ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना ह्या जोडीचा अर्थ शब्दकोशापेक्षां अधिक स्पष्ट दिसेल.

‘फॉल’ आणि ‘फेल’ ही जोडी तर ‘लाय’ आणि ‘ले’ ह्यांची सख्खी बहीणच शोभेल. हें ‘फेल’ परीक्षेंत नापास होण्याचें नव्हे. झाड तोडून पाडणें ह्या अर्थाचें. ‘फॉल’चा भूतकाळ ‘फेल’. आणि पाडणें ह्या अर्थाच्या ‘फेल’चा भूतकाळ ‘फेल्ड’. येथेंही एकाचें कालचें रूप तेंच दुसऱ्याचें आजचें. म्हणजे ज्या खोडीसाठीं आपण ‘लाय’ आणि ‘ले’ ह्यांना विक्षिप्त म्हणतों, ती त्यांची एकट्याची नाहीं. ती घराण्याची चाल आहे. तक्ता घोकणाऱ्याला हें घराणें कधीं दिसत नाहीं, कारण तक्त्यांत शब्द वर्णानुक्रमानें येतात आणि नातेवाईक एकमेकांपासून दूर पडतात.

नात्याची गोष्ट निघाली म्हणून थोडें मागें जातों. सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें केलेल्या व्याख्यानांत असें प्रतिपादन केलें कीं, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या भाषांचें साम्य इतकें दाट आहे कीं तें केवळ योगायोगाचें म्हणतां येत नाहीं. त्या एखाद्या समान मूळ भाषेपासून निघाल्या असाव्या. इंग्रजी ज्या शाखेंतील आहे ती जर्मानिक शाखाही त्याच कुळांतली. संस्कृतांत ‘सद्’ धातूपासून ‘सीदति’ म्हणजे बसतो, आणि त्याचें प्रयोजक ‘सादयति’ म्हणजे बसवितो. इंग्रजी ‘सिट’ आणि ‘सेट’ हीं ह्याच जोडीचीं दूरदेशीं वाढलेलीं भावंडें आहेत. संस्कृतांत प्रयोजकाची खूण ‘अय’ ही. जुन्या जर्मानिक भाषांत तीच ‘य’काराच्या रूपानें होती. कालांतरानें तो ‘य’कार लोपला, पण जातां जातां मागच्या स्वराला बदलून गेला; ‘फॉल’चें ‘फेल’ झालें तें त्यामुळें. आमच्याकडे ‘पतति’ आणि ‘पातयति’ हीं प्राकृतांतून येतां येतां ‘पडणें’ आणि ‘पाडणें’ झालीं. ‘अय’ गळून गेला, आणि भेद दाखविण्याचें काम एकट्या स्वरावर येऊन पडलें. दोन भाषा हजारों कोसांच्या अंतरावर राहिल्या आणि दोहोंच्या बाबतींत प्रत्यय गेला, स्वराची खूण उरली! मला हें प्रथम उमगलें तेव्हां पाय मोडलेल्या चष्म्याला दोरा बांधून मी रात्रीं उशिरापर्यंत कोश चाळीत बसलों होतों, हें सांगावयास हरकत नाहीं.

परंतु विद्यार्थ्याला परीक्षेच्या दालनांत जुनी जर्मानिक भाषा उपयोगी पडणार नाहीं. तेथें त्याला मराठी उपयोगी पडेल. मराठी भूतकाळांत सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ‘नें’ लागतो, अकर्मकाच्या कर्त्याला लागत नाहीं. तो पडला; त्यानें पाडलें. तेव्हां इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वीं तेंच मनांत मराठी भूतकाळांत म्हणून पाहावें. ‘कुत्रा दारांत पडून राहिला.’ ‘नें’ नाहीं; म्हणून ‘ले’. ‘गवंड्यानें विटा रचल्या.’ ‘नें’ आला, म्हणून ‘लेड’. ‘कोंबडीनें अंडें घातलें.’ पुन्हां ‘लेड’. कर्ता मात्र तृतीय पुरुषीं घ्यावा, कारण ‘मी’ आणि ‘तूं’ ह्यांना हा ‘नें’ कानांला ऐकूं येईल असा लागत नाहीं. आणि कोणी चिकित्सक विद्यार्थी ‘तो धडा शिकला’, ‘तो नांव विसरला’ अशीं वाक्यें पुढें करील कीं येथें कर्म असूनही ‘नें’ कोठें आहे? त्याचें म्हणणें खरें आहे. अशीं कांहीं क्रियापदें मराठींत आहेत. परंतु ‘ले’च्या वांट्याला येणारीं आमचीं क्रियापदें, म्हणजे ठेवणें, घालणें, रचणें, मांडणें, अंथरणें, निजवणें, हीं सर्व ‘नें’ घेणारीं आहेत. ह्या जोडीपुरती ही कसोटी मला अजून दगा देतांना आढळलेली नाहीं.

येथें एका जुन्या संवयीविरुद्ध तक्रार करावीशी वाटते. आमचीं मुलें शब्दार्थांच्या वह्या करतात, आणि त्यांत ‘ले म्हणजे ठेवणें’ एवढें एका ओळींत लिहून मोकळीं होतात. मग कोंबडी अंडीं ‘ठेवते’ काय, असा प्रश्न पडून तीं अडतात. इंग्रजी माणूस अंडीं, विटा, कोनशिला, जेवणाचीं पानें, सतरंजी आणि पैज ह्या सर्वांना एकच ‘ले’ वापरतो. आपण मात्र अंडीं घालतों म्हणतों (कोंबडीच्या वतीनें), विटा रचतों, कोनशिला बसवितों, पानें मांडतों, सतरंजी अंथरतों आणि पैज लावतों. उलट ‘लाय’ ह्या एका शब्दासाठीं माणूस निजतो, पुस्तक मेजावर असतें, गांव नदीकांठीं वसतें, बर्फ डोंगरावर पसरतें आणि दोष कोणाच्या तरी माथीं असतो. मराठीची ही श्रीमंती एका ओळीच्या वहींत मावत नाहीं. अर्थ एकेका शब्दाशीं जुळवूं नये; वाक्य वाक्याशीं जुळवावें, आणि घडणारें कोणतें व घडविणारें कोणतें एवढें पाहावें.

ही चूक आमच्याच मुलांची आहे, असाही समज नसावा. इंग्लंड-अमेरिकेंत रोजच्या बोलण्यांत ‘लाय’च्या जागीं ‘ले’ सर्रास ऐकूं येतें, आणि तें आजचें नाहीं, शतकानुशतकें चालत आलेलें आहे. लॉर्ड बायरन ह्यानें ‘चाइल्ड हॅरल्ड’ ह्या काव्याच्या १८१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या चौथ्या सर्गांत, समुद्राला उद्देशून लिहिलेल्या भागांत, जेथें ‘लाय’ हवें तेथें यमकाच्या गरजेनें ‘ले’ घातलें आहे. टीकाकारांनीं त्याबद्दल त्याला बोल लाविला. कविता मात्र शाळांशाळांतून पाठ होत राहिली. बायरनला वर्गासमोर उभें करून अंड्यांविषयीं विचारण्याचें धैर्य मला झालें नसतें. तें मला एका रजेच्या चिठ्ठीसमोर झालें, कारण चिठ्ठी लिहिणारा चौदा वर्षांचा होता.

मग इंग्रजी माणसेंच चुकत असतील तर आमच्या मुलांनीं इतकी काटेकोरी कां पाळावी? कदाचित् कांहीं पिढ्यांनंतर इंग्रज वैयाकरण हा भेद सोडूनही देतील. पण आज लेखी इंग्रजींत तो पाळला जातो, न पाळणारा अडाणी ठरतो, आणि आमच्या मुलांना अर्ज, परीक्षा, मुलाखती ह्यांत जें इंग्रजी लागतें तें हेंच. मालकाच्या घरच्या मुलानें भांडें फोडलें तर तें फुटलें असें होतें. पाहुण्याच्या हातून फुटलें तर त्यानें फोडलें असें होतें. भाषेंतही तसेंच आहे, आणि तें न्याय्य नसलें तरी खरें आहे.

आतां पालकांस दोन शब्द. गेल्या कांहीं वर्षांत एक गोष्ट वारंवार कानांवर येते. एक गृहस्थ मुलाची प्रगति विचारावयास आले आणि मोठ्या समाधानानें म्हणाले, “सर, आम्ही घरांत मराठी बोलणें अजीबात बंद केलें आहे. आतां सुधारेल ना ह्याचें इंग्रजी?” मीं विचारलें, “घरांत मग बोलतां काय?” ते म्हणाले, “येतें तेवढें इंग्रजी. नाहींतर गप्प बसतों.”

त्या गृहस्थांची कळकळ मला समजते. इंग्रजीवांचून मुलाचें अडेल ही त्यांची भीति पोकळ नाहीं. मी स्वतः त्याच भाषेच्या जोरावर पोट भरतों, तेव्हां ती नको असें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु त्यांनीं केलें तें उलटें झालें. ‘येतें तेवढें’ इंग्रजी म्हणजे चार आज्ञा आणि दोन प्रश्न. त्यांत ‘फुटला कीं फोडलास’ हें भांडण होऊं शकत नाहीं. आजीला ‘मीं नाहीं सांडलें, सांडलें’ अशी सबब सांगतां येत नाहीं. आणि ज्या मुलानें हीं भांडणें केलींच नाहींत, त्याला ‘लाय’ आणि ‘ले’ समजावून देण्यासाठीं मीं कोणत्या जोडीकडे बोट दाखवावें? त्याचें मराठी थांबलें आणि इंग्रजी सुरू झालें नाहीं. त्या मुलाच्या वहींत मला अलीकडे ज्या चुका दिसतात, त्या हिशेबाच्याही राहिल्या नाहींत. मीं वडिलांना इतकेंच म्हटलें, “अहो, घरीं त्याच्याशीं भरपूर मराठी बोला, गोष्टी सांगा, चुकला तर मराठींत रागवा. इंग्रजी ऐकावयाचें आणि वाचावयाचें पुष्कळ आहे, तें आम्ही शाळेंत करून घेऊं.” त्यांस तें कितपत पटलें हें मला सांगतां येणार नाहीं.

माझ्याच व्यवसायबंधूंपैकीं कांहींजण इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारूं देत नाहींत. मलाही शिक्षणशास्त्राच्या वर्गांत तसेंच शिकविलें होतें, आणि मीं तें कित्येक वर्षें निष्ठेनें पाळलें. इंग्रजी कानांवर सतत पडावें, हें त्यांचें म्हणणें बरोबर आहे. मराठींतून दिलेलें स्पष्टीकरण तासभर लांबलें तर तो इंग्रजीचा तास राहत नाहीं. पण पांच मिनिटांत जें उजेडांत येतें त्यासाठीं वर्षभर अंधारांत चांचपडावयास लावणें मला मान्य नाहीं. शेवटीं तक्ताही पाठ करावाच लागतो. कळल्यावर तो चार दिवसांत पाठ होतो, एवढाच फरक.

त्या जोड्यांचा खेळ वर्गांत अजून चालू आहे. मागील सत्रांत एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, पिणें-पाजणें झालें, मग खाणें-चारणें ह्याला काय?” मीं ‘ईट’ आणि ‘फीड’ असें सांगून टाकलें. घरीं येऊन कोश उघडला तों ‘फीड’ हें अन्नवाचक ‘फूड’पासून निघालेलें, ‘ईट’शीं त्याचा संबंध नाहीं. पुष्कळ शोधल्यावर खरी जोडीदारीण सांपडली ती चित्रकारांच्या दुकानांत : धातूच्या पत्र्यावर आम्लाच्या साहाय्यानें चित्र कोरण्याला इंग्रजींत ‘एच्’ म्हणतात (वर्णमालेंतील आठवें अक्षर नव्हे), आणि तो शब्द डच भाषेच्या वाटेनें ज्या जर्मन शब्दापासून आला त्याचा मूळ अर्थ खावयास लावणें, चारणें असा आहे. आम्लाला धातु चारावयाचा, म्हणजे चित्र उमटतें. दुसऱ्या दिवशीं हें वर्गांत सांगितलें. चित्रकलेच्या मास्तरांनाही बोलावून आणिलें होतें, आणि त्यांनीं फळ्यावर ती कृति काढून दाखविली. मुलें खूष झालीं. विचारणारी मात्र वहींत कांहीं लिहीत होती. तास संपल्याची घंटा होतां होतां तिनें पुन्हां हात वर केला. “सर, पाहणें-दाखवणें? ‘सी’ आणि ‘शो’ हीं भावंडें कीं नुसते शेजारी?”

मीं म्हटलें, “उद्यां सांगतों,” आणि कोश घरीं नेला.